एक्केचाळीस नंबरचं हसू

सोमवार, ४ मार्च

ताई,

सोबत तीन पानी फॉर्म आहे. तो हरवू नकोस, दुसरा मिळायला आठ दिवस लागतात.

नऊ वर्षांनी भावाचं पत्र येतं आणि पहिल्याच ओळीत फॉर्म, असं तू म्हणशील. म्हण. कामाचं निमित्त नसतं तर मला पेन उचलायचा धीर झाला नसता. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस की नाही ते कळत नाही. पत्र निदान दारात येऊन पडतं, ते बाजूला ठेवायला तरी तुला वाकावं लागेल.

तर काम असं. मी अजून हशाच लावतो. हे सांगितलं की लोकांना अजूनही थट्टा वाटते. विनोदी मालिका बनते तेव्हा समोर प्रेक्षक नसतात, असतात ते दिवे सांभाळणारे आणि घड्याळाकडे बघणारे. मग सगळं माझ्याकडे येतं. कुठल्या वाक्याला किती माणसं, किती वेळ, कशी हसली पाहिजेत ते मी ठरवतो आणि माझ्या डब्यातून हसू काढून तिथे चिकटवतो. डबा म्हणजे तोच, बिस्किटांचा पत्र्याचा, ज्यात मी टेपा ठेवायचो. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण आम्ही डबाच म्हणतो. बावीस वर्षांत त्यात सहाशेवर माणसांचं हसणं जमलंय आणि प्रत्येकाला नंबर आहे.

आता आमच्या स्टुडिओत परदेशातला एक खेळ आलाय. सहा विनोदी नट एका खोलीत सहा तास कोंडायचे. त्यांनी एकमेकांना हसवायचं, पण स्वतः हसायचं नाही. हसला तो बाहेर. शेवटपर्यंत जो सुतकी तोंडाचा राहील तो जिंकला. तिकडे म्हणे हे बघायला लोक हातातली कामं टाकून बसतात. आपल्याकडे तो जसाच्या तसा करायचा आहे आणि कसा करायचा ते सांगणारं चारशे बारा पानांचं बाड तिकडून आलंय. भिंतीचा रंग, सोफ्याची उंची, घंटा किती सेकंद वाजवायची, सगळं त्यात लिहिलंय. अण्णा असते तर कानावर पेन्सिल ठेवून ते बाड घेऊन बसले असते आणि आपल्याला आठवडाभर बाप दिसला नसता.

मला त्यात पंच केलंय. कानाला हेडफोन लावून काचेमागे बसायचं आणि कोणी हसलं की लाल बटण दाबायचं. हसणं कानाला आधी कळतं, डोळ्याला नंतर. हसण्याआधी माणूस अर्धा श्वास आत ओढतो, तो मी ओळखतो. दुसरं काही येत नाही मला, पण हे येतं.

शेवटच्या फेरीत नटांना विनोद ऐकवायचा नसतो, नुसतं हसू ऐकवायचं असतं. दिवे मंद करून एक मिनिटभर एकाच माणसाचं हसणं खोलीत सोडायचं. तिकडे त्यांनी कुठल्याशा सुईणबाईचं वापरलंय. आपल्याकडे आपल्याच माणसाचं हवं, ते नट नसावं, आणि त्याची लेखी परवानगी हवी. फॉर्म त्याचाच आहे. तुझं हसू डब्यात आहे, नंबर एक्केचाळीस. त्याच्या जवळपास जाणारं मला बावीस वर्षांत मिळालेलं नाही.

मागचं झालं ते झालं. तो गैरसमज होता आणि काय ते मी तेव्हाच तुला सांगितलं होतं. सही तिसऱ्या पानावर करायची आहे, सापडेल तुला.

तुझा,
ठोंब्या

शुक्रवार, १५ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. पोस्टाचा घोळ असेल असं मी दोन दिवस धरून चाललो, मग ते सोडलं.

इथे सगळा आनंदीआनंद आहे. तालमी सुरू झाल्यात आणि कोणाला कशाचा पत्ता नाही. बाडात हसण्याची व्याख्या दिलीय: एक सेकंदाहून अधिक काळ वरचे दात दिसले तर ते हसू. आता आमच्या सहांपैकी एकाचे वरचे दात जन्मापासून बाहेर आहेत. त्याला आम्ही दातऱ्याच म्हणतो, तो स्वतःही म्हणतो. खेळ सुरू झाला आणि दुसऱ्या सेकंदाला तो बाद. तो म्हणाला, ‘‘अहो, मी हसत नाहीये, मी असाच आहे.’’ मी बाडाकडे बघितलं, बाडात ‘असाच आहे’ला जागा नाही. मग परदेशी चौकशी पाठवली. तीन दिवसांनी उत्तर आलं की खेळाडूस तोंड मिटून बसण्यास सांगावे. तो तोंड मिटून बसला, तर त्याला बघून बाकीचे पाच बाद झाले.

दुसरी एक बाई आहे, ती आवाज न करता हसते. लहानपणी बापासमोर हसायची बंदी होती म्हणे, तेव्हापासून ती खांद्यानं हसते. तोंड दगडासारखं आणि खांदे गदागदा. हे हसणं धरायचं की नाही? मी म्हणतो धरायचं. तिकडून देखरेखीला आलेला साहेब म्हणतो, दात कुठे आहेत? त्याला आपली भाषा येत नाही, त्यामुळे दिवसभर त्याला एकाही विनोदाचं हसू येत नाही. खरं तर जिंकायचा हक्क त्याचाच आहे.

मला दिवसातून दहादा वाटतं, की आपण नक्की काय करतोय? बावीस वर्षं मी जिथे हसू नव्हतं तिथे घातलं. आता जिथे येतं तिथे ते गुन्हा म्हणून पकडायचं. घरी आल्यावर शेजारी हसले तरी माझं बोट उचलतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. सांगू नये असं वाटत होतं. शेवटच्या फेरीसाठी आम्ही डब्यातली नऊ हसणी ऐकवून बघितली. कोणी हललं नाही. निर्मात्या मॅडम वैतागल्या. ‘‘तुम्ही म्हणत होतात ते कुठाय?’’ म्हणाल्या. मी म्हटलं, परवानगी यायचीय. त्या म्हणाल्या, ‘‘मला एकटीला तर ऐकवा.’’ मग मी ऐकवलं. एकदाच. दार लावून. पण स्टुडिओचं दार, किती लागणार? मॅडम आधी टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मग बाहेरचे दिवेवाले. मग साहेब, ज्याला काय चाललंय तेही ठाऊक नव्हतं, तो चष्मा काढून डोळे पुसायला लागला.

तुझं हसणं तसंच आहे गं. आधी ते तू दाबायला बघतेस, मग नाकातून निसटतं, मग तू ‘नको, नको’ म्हणतेस आणि मग काही हातात राहत नाही.

परवानगीशिवाय ऐकवायला नको होतं. चुकलंच. पण ऐकवलं नसतं तरी तू सही केली नसतीस, मग काय बिघडलं, असंही मनात आलं. हे मी का लिहितोय, मलाच कळत नाही.

शूटिंग २८ तारखेला आहे.

ठोंब्या

रविवार, २४ मार्च

ताई,

पाकीट मिळालं.

आधी वाटलं चिठ्ठी असेल. पाकीट उलटं करून झटकलं. नुसता फॉर्म. तू तो भरला आहेस, सगळा. तुझं अक्षर अजून अण्णांसारखं उभं आहे. नाव, वय, पत्ता. ‘हसणारी व्यक्ती व्यवसायाने नट आहे काय?’ यापुढे ‘नाही’. ‘हसण्याचे कारण, थोडक्यात’ यापुढे एकच शब्द: ‘नवरा’.

आणि सहीची जागा कोरी.

मी तो कागद दिव्यासमोर धरला. सही करून खोडलीय का ते बघितलं. मग विचार करत बसलो. विसरलीस म्हणावं, तर तू विसरणाऱ्यातली नाहीस. नकार म्हणावा, तर फॉर्म फाडून टाकायचा की, भरायचा कशाला? सही बाकी ठेवून मला ताटकळत ठेवायचं आहे का? की ‘नवरा’ हा शब्द मला वाचायला लावायचा होता, म्हणून बाकीचं भरलंस? मॅडमना दाखवला तर त्या म्हणाल्या, ‘‘सगळं भरलंय म्हणजे होकारच आहे. फोन करून सही मागवा.’’ मी फोन लावला. तू उचलला नाहीस. डोक्याचा पार भुगा झालाय माझ्या.

बरं, आता लिहूनच टाकतो. पहिल्या पत्रात मी गैरसमज असं लिहिलं. ते वाक्य मी नऊ वर्षं घोकतोय, त्यामुळे हात आपोआप लिहून गेला.

भावोजींना जाऊन वीस दिवस झाले होते. मी हशा लावायचो ती विनोदी मालिका तेव्हा रोज असायची. संध्याकाळी एपिसोड जायचा आणि दुपारी तो माझ्या टेबलावर. त्यातली बाई नवऱ्याच्या फोटोकडे बघून म्हणते, ‘‘बरं झालं गेलात, आता शांत झोप लागेल.’’ विनोद फुसका होता. फुसक्या विनोदाला सगळ्यात चांगलं हसू लागतं, आमच्या धंद्याचा हा नियम आहे. मी एक्केचाळीस उचललं.

मला नंबर दिसला, तू दिसली नाहीस, असं मी स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. मी थांबलो होतो. चांगला दोन-चार क्षण बोट उचलून थांबलो होतो. मग म्हटलं, कोणाला कळणार आहे? आणि चिकटवलं.

तुला कळलं. तू फोन केलास. रागावली नव्हतीस, तेच वाईट होतं. तू विचारलंस, ‘‘ठोंब्या, ते मी हसले का रे?’’ आणि मी म्हटलं, ‘‘छे गं, दुसरीच कोणीतरी.’’ तू ‘‘बरं’’ म्हणालीस आणि फोन ठेवलास.

हसू लावलं ती एक चूक. पण त्या दिवसांत तुझा स्वतःवरच विश्वास उरला नव्हता. कुलूप लावलं की नाही ते तू तीनदा बघायचीस, त्यांची चप्पल दारात दिसली म्हणायचीस. अशा वेळी तुला स्वतःचं हसू ओळखता येत नाही, असं मी तुला पटवायला गेलो. ह्याला चूक म्हणत नाहीत. काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण लिहवत नाही.

सही का नाही केलीस, एवढं तरी कळव.

ठोंब्या

बुधवार, २७ मार्च

ताई,

कळलं. मी खरंच ठोंब्या आहे.

आज स्टुडिओत माझ्या स्वतःच्या कराराचे कागद आले. मुदत वाढवायची होती. प्रत्येक पानावर सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. मी बघितली आणि हातातला चहा तसाच राहिला. अण्णांची फुली!

आपल्या घरात फुलीशिवाय सही नव्हती. ज्याला सही हवी असेल त्यानं तो कागद आधी स्वतः शब्दन् शब्द वाचायचा आणि मग सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली करायची. फुली म्हणजे, मी हे वाचलंय, यात तुझं नुकसान नाही, आणि निघालं तर ते माझ्या डोक्यावर. एकदा अण्णा स्वतःच फुली विसरले तर आईनं त्यांना बँकेच्या कागदावर तीन दिवस सही दिली नव्हती. प्रगतिपुस्तकावरसुद्धा आपण फुली करून द्यायचो आणि मी गणितात नापास झालो तेव्हा मला फुली करताना रडू आलं होतं. आणि हे मी विसरलो. तू नाही विसरलीस. तू सगळं भरलंस आणि कागद मला परत पाठवलास, की बाबा रे, वाचलास का हा?

नव्हता वाचला. खरं सांगतो, एक ओळ नव्हती वाचली.

मग आज दुपारी पेन्सिल घेऊन बसलो आणि वाचला. सातवं कलम असं आहे की हे हसू कोणत्याही देशात, कोणत्याही कार्यक्रमात, कोणत्याही विनोदाखाली, कापून किंवा जोडून, कितीही वेळा वापरता येईल आणि हसणाऱ्या व्यक्तीस तक्रार करता येणार नाही. कोणत्याही विनोदाखाली, ताई. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी मी एकदा जे केलं ते आता कोणीही कायम करू शकेल, आणि त्याला तुझी सही असेल.

पेन्सिलीचं टोक कागदाला लावलं होतं. एक ठिपका उमटलाय. त्याच्यापुढे हात गेला नाही.

उद्या शूटिंग आहे. मॅडमना अजून सांगितलं नाही.

ठोंब्या

शनिवार, ३० मार्च

ताई,

तुझं हसू वाजलं नाही. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

सकाळी मॅडमना म्हटलं, एक्केचाळीस मिळणार नाही. त्यांनी फॉर्म हातात घेतला. ‘‘अहो, सगळं तर भरलंय. सहीचं बघू नंतर. एक मिनिट वाजवायचंय, कोणाला कळणार आहे?’’

माझंच वाक्य. जसंच्या तसं, त्याच घाईच्या आवाजात. मी म्हटलं, तिला कळेल. त्या म्हणाल्या, ‘‘मग मी कोणाचं हसू वाजवू? बाडात एक मिनिट म्हटलंय, साहेब घड्याळ लावून बसलाय.’’ मी म्हटलं, माझं घ्या. मला वाटतं हे बोललो तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

साहेबाच्या बाडात एक कोरा फॉर्म होता, तो भरला. वाचला, फुली केली, सही केली. स्वतःची फुली स्वतः केलेली अण्णांना चालली नसती, पण तिथे दुसरं कोणी नव्हतं.

शेवटच्या फेरीला दोघंच उरली होती, दातऱ्या आणि ती खांद्यानं हसणारी. दिवे मंद झाले. मी काचेमागे माइकसमोर, कानाला हेडफोन. साहेबानं बोट खाली केलं. आणि मला हसताच येईना. सहाशे लोकांचं हसणं मला नंबरनिशी पाठ आहे आणि स्वतःचं कसं असतं ते आठवेना. मी ‘हा हा’ केलं. वाचून दाखवल्यासारखं वाटलं. पंधरा सेकंद असा मी हा हा करत होतो आणि मॅडमनी कपाळाला हात लावला होता.

मग मला भावोजींचा मिक्सर आठवला.

तुला माहीत नाही ते आता सांगतो. एक्केचाळीस नंबर दीड मिनिटाचा आहे, पण मूळ टेप अकरा मिनिटांची आहे. तुझ्या स्वयंपाकघरात मी नवा माइक तपासत होतो आणि भावोजी नव्या मिक्सरचं माहितीपत्रक बातम्या दिल्यासारखं वाचत होते. आठवतंय? ‘‘यंत्र चालू असताना त्यात बोटे, केस अथवा नातेवाईक घालू नयेत.’’ तिथे तुझं नाकातून निसटलं. आणि ते तसेच गंभीरपणे म्हणाले, ‘‘ग्राहकांनी हसू नये, पुढील सूचना जिवाशी संबंधित आहेत.’’ डब्यासाठी मी त्यांचा आवाज कापून टाकला. मला नुसतं हसू हवं होतं.

ते आठवलं आणि हेडफोनमध्ये मला अर्धा श्वास ऐकू आला. आत ओढलेला. माझा स्वतःचा. मी बावीस वर्षं तो ओळखतो आणि त्या क्षणी मला सांगता येईना, की पुढे हसू येणार आहे की रडू. दोन्हीच्या आधी तो सारखाच असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग जे काही आलं ते मिनिटभर चाललं. काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. खांद्यानं हसणारीचे खांदे हलत होते, पण ती डोळे पुसत होती. दातऱ्या माझ्याकडे बघून मोठ्यानं हसला. माझ्या हसण्याला नव्हे, माझ्या दशेला. मी तिथूनच हात लांब करून लाल बटण दाबलं. त्याच्यावर दाबलं की माझ्यावर, देव जाणे. बाई जिंकली. साहेब बाड चाळत होता, त्यात रडण्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं.

मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या भागाला पंच दुसरा असेल, असं ऐकतो.

या पाकिटात ती अकरा मिनिटांची टेप आहे. न कापलेली. भावोजी तिच्यात आहेत. तुला हे कधीच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर एक्केचाळीस कोणाचं ते कबूल करावं लागलं असतं. नऊ वर्षं मी त्यांचा आवाज माझ्या कपाटात ठेवला आणि तुला सांगितलं की ते हसू दुसरीचं होतं. मला लाज वाटते, ताई.

आणि एक कागद. अण्णांच्या कचेरीच्या भाषेत लिहिलाय, मला दुसरी गंभीर भाषा येत नाही.

‘१. नंबर एक्केचाळीस डब्यातून कायमचा काढला आहे. त्याची नक्कल ठेवलेली नाही. यापूर्वी जे प्रसारित झाले ते परत आणता येत नाही, याबद्दल भावास खेद आहे.

२. मूळ टेप जिचे हसू तिला परत.

३. नऊ वर्षांपूर्वी फोनवर विचारले असता भाऊ खोटे बोलला. हसू तिचेच होते.’

खाली सहीची जागा माझी आहे. मी अजून सही केलेली नाही. तू वाच. तुला पटलं तर फुली कर आणि परत पाठव. नाही पटलं तर ठेवून दे, मी समजेन. बहुतेक समजेन.

ठोंब्या

गुरुवार, ११ एप्रिल

ताई,

आज कागद आला. मी तो जिन्यातच उघडला. खालच्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन वर येत होत्या, त्यांनी विचारलं, ‘‘सगळं ठीक ना?’’ मी म्हटलं, माहीत नाही, अजून वाचतोय.

माझ्या तीन कलमांना तू हात लावलेला नाहीस. तिसऱ्यातल्या ‘तिचेच’ खाली फक्त एक रेघ ओढली आहेस. आणि खाली तुझ्या उभ्या अक्षरात:

‘४. टेप मिळाली. आमच्याकडे ती वाजवायचे यंत्र नाही. भावाने यंत्र स्वतः घेऊन यावे. पोस्टाने पाठवू नये.’

त्याखाली, सहीच्या जागी, पेन्सिलीची फुली. चांगली ठसठशीत. कागद मागून उठलाय.

मी चौथं कलम पाच-सहा वेळा वाचलं. स्वतः घेऊन यावे म्हणजे दारात देऊन निघावे, की तूही बसून ऐक? यंत्र म्हणजे नुसतं यंत्र? तुझ्या फोनवर विचारावं असं वाटलं, मग अण्णा आठवले. फुली केलेल्या कागदावर शंका काढायची नसते.

माझा जुना टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकलाय, पट्टा गेला होता. शनिवारी मिळेल. दुरुस्तीवाल्याला बजावलंय, की आवाज अजिबात कापला जाता कामा नये.

सही केली आहे, कागद सोबत जोडतो. रविवारी अकराला येतो.

ठोंब्या